तीनाखालचा आकडा

चौतीस वर्षांच्या नोकरीत नीलांबरी सबनीसने नीट बघितल्याशिवाय एकाही स्लाइडच्या रिपोर्टवर सही केली नव्हती. मिशिगनमधल्या ॲन आर्बरजवळच्या एका हॉस्पिटलात ती पॅथॉलॉजिस्ट होती. तिकडे टेबलावर पेशंट भूल देऊन झोपवलेला असायचा, गाठ साधी की कॅन्सरची एवढं ऐकायला सर्जन फोनवर ताटकळत असायचे, आणि ही शांतपणे म्हणायची, "थांबा, मी अजून बघतेय." यावरून तिची थट्टाही व्हायची. निरोपसमारंभाच्या केकवरसुद्धा हेच वाक्य क्रीमने लिहिलेलं होतं.

तिचा नवरा प्रताप तिच्याआधी दोन वर्षं रिटायर झाला. तो मूळचा सांगलीचा, टूल अँड डायवाला. गाड्यांच्या दारांचे आणि बॉनेटचे पत्रे ज्या पोलादी साच्यांत दाबून काढतात, ते साचे, म्हणजे डाय, त्याने आयुष्यभर डिझाइन केले. नोकरी संपल्यावर सहा महिने घर त्याला खायला उठलं. मग चेल्सी गावातल्या एका इस्टेट सेलमध्ये, कुणा वारलेल्या म्हाताऱ्याच्या सामानात, त्याला सिगारच्या डब्यातली तांब्याची जुनी नाणी मिळाली. आजच्या पेनीच्या दीडपट मोठी, काळपट चॉकलेटी. एका बाजूला मोकळ्या केसांची बाई आणि तिच्या खाली साल. १७९८, १८००, १८०७. घरी येऊन त्याने एका नाण्यावर भिंग धरलं ते धरलंच.

"नीला, हे बघ," तो म्हणाला. "हा आकडा ठोकताना त्या माणसाचा हात हललाय."

त्या काळी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत डायवर साल उमटवायचं काम हातानं चालायचं. एकेका आकड्याचा पंच धरायचा आणि वरून हातोडा मारायचा. आकडा वाकडा किंवा उथळ बसला, तर तोच पंच पुन्हा धरून दुसऱ्यांदा मारायचा. मग नाण्यावर त्या आकड्यामागे त्याच आकड्याची पुसट कड उरते. नाण्यांचे लोक याला रीपंच म्हणतात. कधी मात्र मागच्या सालचा डाय तसाच पडून राहिलेला असे. चांगलं पोलाद टाकून कोण देणार? मग जुन्या आकड्यावरच नव्या सालचा आकडा ठोकायचा. त्या नाण्यांवर साताखाली सहा दिसतो, शून्याखाली नऊ. याला म्हणायचं ओव्हरडेट. रीपंच ही कारागिराची हातचूक, आणि ओव्हरडेट म्हणजे एका वर्षाच्या पोटात दुसरं वर्ष. दोन्हींत दिसतं ते एवढंच, की आकड्याच्या मागून काहीतरी डोकावतंय. काय डोकावतंय हे ओळखण्यात प्रतापचे दिवस जाऊ लागले.

त्याने स्टीरिओ मायक्रोस्कोप आणला आणि डायनिंग टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला मांडला. गावातल्या लायब्ररीत दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जुन्या तांब्याच्या नाण्यांचा एक क्लब भरायचा, तिथे तो जाऊ लागला. तिथला ग्लेन स्टॉफर, रिटायर्ड शाळामास्तर, चाळीस वर्षं हेच करत आलेला. त्याने प्रतापला हाताशी धरून शिकवलं. पण घरी आल्यावर प्रतापला शेवटचा शब्द नीलांबरीचा लागायचा.

"ये ग, बघ जरा," अशी हाक दिवसाआड यायची.

पहिलं वर्षभर ती आनंदाने गेली. "लाइट डावीकडून घे," असं सांगायची. "ही कड उचललेली नाही, ओरखडा आहे हा," असंही सांगायची. तो खूश व्हायचा. पुढे पुढे तिला कंटाळा येऊ लागला. आयुष्यभर डोळ्यांचंच काम केलं, आता पुन्हा तेच कशाला, असं तिला वाटायचं. तरी हाक आली की जायची. नाही म्हणायला जेवढा वेळ लागला असता तेवढ्यात बघून होत असे.

१८०३ सालचं ते नाणं त्याने एका डीलरच्या किरकोळ खोक्यातून उचललं. बाईचा चेहरा झिजून सपाट झालेला, पण साल बऱ्यापैकी शाबूत. शेवटच्या तीनाच्या खालच्या पोकळीत त्याला एक तिरकी रेघ दिसली. शिवाय डावीकडे खाली, तीनाचं टोक जिथे गोळीसारखं संपतं, त्याच्याही खाली धातूचा एक कण बाहेर आलेला. इंग्रजी दोनची मधली तिरपी रेघ आणि तळाचा पाय बरोबर अशाच जागी असतात. म्हणजे १८०२ चा डाय १८०३ ला वापरलेला! त्याच्याकडच्या पुस्तकांत असं नाणं कुठेच नोंदलेलं नव्हतं. तीन आठवडे तो रोज ते नाणं लेन्सखाली घालत होता. जेवताना गप्प, फिरायला गेल्यावर गप्प.

तो ऑक्टोबरातला मंगळवार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी नीलांबरी कॅलिफोर्नियात सनीव्हेलला निघणार होती, मुलीकडे. अंतराला दुसरी मुलगी झाली होती. पलंगावर बॅग उघडी होती आणि ती यादी करत होती: मेतकूट, डिंकाचे लाडू, थोरल्या नातीचं, इलाचं स्वेटर. तेवढ्यात खालून हाक आली.

ती खाली गेली. खुर्चीत बसली नाही, उभ्यानेच वाकली. चष्मा डोक्यावर ढकललेला होता. फोकस प्रतापच्या डोळ्यांना जुळवलेला होता आणि तिने स्क्रू फिरवला नाही. तिला तपकिरी धुकं दिसलं आणि त्यात एक जाडसर तीन.

"खाली दोन आहे ना?" प्रताप मागे उभा राहून म्हणाला. "तो तिरका स्ट्रोक दिसला? आणि दोनचा पाय?"

"हो, दोनच आहे."

"नक्की?"

"हो रे, दोन आहे," ती म्हणाली आणि जिना चढून वर गेली. चौथ्या पायरीवर तिला आठवलं की मेतकुटाचा डबा बेसमेंटमध्येच राहिलाय.

तीन आठवड्यांनी ती परतली, तोवर प्रतापने लेख लिहून क्लबच्या मासिक पत्राला पाठवलाही होता. डिसेंबरचा अंक तिच्यासमोरच आला. चार पानं, फोटो, आकृत्या. शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं, "माझी पत्नी डॉ. नीलांबरी सबनीस यांनी चौतीस वर्षं सूक्ष्मदर्शकावर काम केले आहे. त्यांनी स्वतंत्रपणे तपासून हा निष्कर्ष पक्का केला."

ती ओट्यापाशी उभी होती. वाक्य दोनदा वाचलं. प्रताप दारात उभा राहून तिच्याकडे बघत होता, शाळेतून बक्षीस घेऊन आलेल्या मुलासारखा.

"छान लिहिलंयस," ती म्हणाली.

तेव्हाच सांगता आलं असतं. पण त्याने इतके दिवस घालवलेत, तो म्हणतोय म्हणजे असेलच दोन, असं तिने मनाशी म्हटलं आणि कुकर लावला.

त्या महिन्याच्या सभेला प्रतापने तिला आग्रहाने नेलं. अंतराच्या ग्रॅज्युएशनला घातलेला निळा ब्लेझर त्याने घातला होता. लायब्ररीच्या मागच्या खोलीत वीस-बावीस लोक, बहुतेक साठीपुढचे, कॉफीचा मोठा थर्मास आणि दुकानातली बिस्किटं. कॅमेऱ्याखाली नाणं ठेवलं आणि पडद्यावर तो तीनचा आकडा हाताएवढा दिसू लागला. प्रताप पंधरा मिनिटं बोलला. छान बोलला. पंच कसा धरतात, पोलाद कसं दबतं, हे तर त्याच्या हाडात भिनलेलं होतं. लोक मान डोलावत होते. नीलांबरी मागच्या रांगेतून पडद्याकडे बघत होती. ते नाणं ती त्या क्षणी पहिल्यांदाच बघत होती. तीनाच्या उजव्या बाजूला, खालच्या गोलाईच्या बाहेर, चंद्रकोरीसारखी एक बारीक कड होती. दोनाचा तळ सपाट असतो. तिथे गोल कडेचं काय काम?

टाळ्या झाल्यावर ग्लेन उठला. हातात पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा होता.

"प्रताप, तुझी हरकत नसेल तर एक करून बघू?" तो म्हणाला. "लेखातला फोटो बघून मी घरी हे काढलं. चुकत असेन तर मलाच आनंद होईल."

प्लॅस्टिकवर त्याने त्याच साच्यातला तीन रेखला होता. तो पडद्यावरच्या तीनावर धरला आणि जरासा खाली, जरासा उजवीकडे सरकवला. तिरकी रेघ प्लॅस्टिकवरच्या तीनाच्या मधल्या जिभेवर जाऊन बसली. खालचा कण त्याच्या टोकाच्या गोळीवर बसला. उजवीकडची कोर त्याच्या पाठीवर बसली. सगळे तुकडे एकाच दिशेने, एकाच अंतराने सरकलेले. पहिला तीन वाकडा बसला होता, म्हणून कारागिराने दुसऱ्यांदा तीनच ठोकला होता. दोन कुठेच नव्हता.

प्रतापने चष्मा काढून पुसला.

"पण माझ्या बायकोने बघितलंय," तो म्हणाला. आवाजात भांडण नव्हतं, नुसतं आश्चर्य होतं. "ती पॅथॉलॉजिस्ट आहे. तिने तपासलंय."

वीस माना मागे वळल्या.

"डॉक्टर, तुम्हाला काय वाटतं?" ग्लेनने अदबीने विचारलं.

नीलांबरी उभी राहिली. "त्या दिवशी लाइट वेगळा होता," ती म्हणाली.

"हो, लाइटने फार फसगत होते," ग्लेन पटकन म्हणाला. "मीसुद्धा कितीदा फसलोय." मग त्याने आपल्या एका जुन्या चुकीची गोष्ट सांगितली, लोक हसले, कॉफीची वेळ झाली.

परतताना बर्फ भुरभुरत होतं. प्रताप सावकाश ड्राइव्ह करत होता. वॉशटेनॉ ॲव्हेन्यूच्या सिग्नलला तो म्हणाला, "लाइटचाच प्रॉब्लेम झाला बघ. मी एकाच बाजूने लाइट घेत होतो. तू मनाला लावून घेऊ नकोस. मी चुकीचा लाइट लावून दिल्यावर तू तरी काय करणार?"

ती त्याच्याकडे वळली. सिग्नल हिरवा झाला.

पुढच्या अंकासाठी प्रतापने दुरुस्ती लिहिली. ती प्रिंटरवर पडलेली तिला दिसली. सहाच ओळी होत्या. निष्कर्ष चुकला, प्रकाशयोजना सदोष होती, ती पूर्णपणे लेखकाची होती, आणि डॉ. सबनीस यांच्याकडे या चुकीचा काहीही दोष जात नाही, असं लिहून त्याने त्या शेवटच्या वाक्याखाली पेनाने रेघ मारली होती.

तिने अंतराला फोन लावला. सगळं ऐकून अंतरा म्हणाली, "आई, जस्ट टेल हिम. इट्स अ कॉइन."

कॉइनच आहे, हे तर ती स्वतःलाही महिनाभर सांगत होती.

सकाळी चहा घेताना तिने सांगितलं. "प्रताप, ती दुरुस्ती पाठवू नकोस. त्या दिवशी मी बघितलंच नव्हतं."

"म्हणजे?"

"बॅग भरत होते. तू हाक मारलीस. मी वाकले आणि हो म्हटलं. फोकससुद्धा केला नाही. चष्मा डोक्यावर होता."

त्याने कप खाली ठेवला.

"मी नक्की का म्हणून विचारलं होतं," तो म्हणाला.

"हो."

"दोनदा हो म्हणालीस."

"हो."

"अगं, मग नंतर बघते म्हणायचं. मी थांबलो असतो. महिनाभर थांबलो असतो. मला कुठे घाई होती?"

त्या सर्जनांना, ज्यांची नावंही तिला आता आठवत नव्हती, तिने खुशाल थांबवून ठेवलं होतं.

"तुला कंटाळा येत होता का ग?" त्याने विचारलं. "रोज बोलवायचो म्हणून?"

"कधी कधी," ती म्हणाली. खोटं बोलायचं नाही असं ठरवून ती खाली आली होती.

त्याने मान हलवली, कप उचलला, सिंकमध्ये विसळला आणि गराजमध्ये गेला. दुरुस्ती त्याने होती तशीच पाठवली. एक शब्दही बदलला नाही.

जानेवारीच्या सभेला तो गेला नाही. रस्त्यावर आइस आहे म्हणाला. फेब्रुवारीत रस्ते कोरडे होते, तेव्हा पाठ धरली होती. मायक्रोस्कोपवर त्याने कव्हर घातलं.

नीलांबरीने ते काढलं. तो फिरायला गेला की ती खिडकीशी बसायची. या वेळी खुर्चीत बसली, चष्मा ठेवला, फोकस स्वतःच्या डोळ्यांना जुळवला. नाणं हळूहळू फिरवत प्रत्येक दिशेने लाइट घेतला, कडा कागदावर उतरवल्या, त्याच्या डब्यातल्या १८०२ च्या दोन नाण्यांवरचे दोन मोजले आणि १८०३ च्या दुसऱ्या एका नाण्यावरचा तीनही मोजला. कुठेतरी दोनाचा एखादा कण सापडेल, एखादा सपाट तुकडा, म्हणून तिने तीन आठवडे शोधलं. त्याला सांगता आलं असतं की बघ, तूच बरोबर होतास. पण तीनाखाली तीनच होता. जितकं जास्त बघावं तितका तो तीन स्पष्ट होत गेला.

"मी बघितलं," तिने एका दुपारी त्याला सांगितलं. "नीट बघितलं या वेळी. तीनच आहे."

"माहीत आहे मला," तो म्हणाला. बुटांच्या लेसा बांधत होता. वर बघितलं नाही.

मग तिला वाटलं, चारचौघांत जे बिघडलं ते चारचौघांतच दुरुस्त करायला हवं. मार्चच्या सभेला ती एकटीच गेली, त्याला ग्रोसरी आणते असं सांगून. ग्लेनला विचारून ती पुढे उभी राहिली आणि जसं घडलं तसं बोलली. नवऱ्याने तपासायला दिलं, मी न बघता हो म्हटलं, त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. नंतर इथे मी लाइटचं कारण सांगितलं, तेही खोटं होतं.

लोक क्षणभर गोंधळले. मग एक म्हातारा म्हणाला, "माझी बायको चाळीस वर्षं हेच करतेय," आणि खोलीभर हशा उसळला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. तिला हसू नको होतं, पण ते हसत होते, प्रेमानेच हसत होते. कॉफीच्या वेळी ग्लेनने तिच्यापुढे १८०७ चं एक नाणं ठेवलं. "आता नीट बघून सांगा," तो डोळे मिचकावत म्हणाला.

तिने बघितलं. साताच्या उभ्या रेघेमागून एक गोलाई बाहेर येत होती, आणि ती सातात कुठेच नसते. "खाली सहा आहे," ती म्हणाली. "दुसऱ्या सालचा आकडा आहे हा. ओव्हरडेट."

"करेक्ट!" ग्लेन म्हणाला. लगेच दुसऱ्याने आपलं नाणं पुढे केलं, मग तिसऱ्याने. ती तासभर वाकून बसली. कितीतरी दिवसांनी तिला आपले डोळे कामाला आल्यासारखं वाटलं. ती चक्क रमली. पार्किंग लॉटमध्ये येईपर्यंत प्रतापची आठवणसुद्धा झाली नव्हती, आणि ते जाणवल्यावर गाडी सुरू न करता ती काही वेळ तशीच बसून राहिली.

घरी येऊन तिने सांगितलं, क्लबमध्ये सगळं खरं सांगून आले. त्याला बरं वाटेल अशी तिची अपेक्षा होती.

"कशाला?" तो म्हणाला.

"म्हणजे, चूक तुझी नव्हती, हे त्यांना कळायला..."

"आतापर्यंत मी एक चुकलेला माणूस होतो, नीला. चुका सगळ्यांच्याच होतात तिथे, ग्लेनच्याही झाल्या." तो रागावलेला नव्हता, थकल्यासारखा बोलत होता. "आता मी बायकोच्या भरवशावर लेख लिहिणारा माणूस झालो. आणि ती बायको बघतही नाही. मला विचारायचंस तरी आधी."

ते तिला सुचलंच नव्हतं. त्याला हाक मारून विचारणं, तू काय म्हणतोस, सांगू का.

"हसले का ते?" थोड्या वेळाने त्याने विचारलं.

तिने हो म्हटलं.

प्रताप पुन्हा क्लबला गेला नाही. सिगारच्या डब्यातली नाणी त्याने तिच्या नावाची चिठ्ठी लावून कपाटात ठेवली. काही चिडून नव्हे. "तू वापरतेस ना, तुलाच राहू देत," म्हणाला. उन्हाळ्यात गावातल्या एका वर्कशॉपमध्ये तो सायकली दुरुस्त करायला जाऊ लागला. विद्यार्थी सोडून गेलेल्या सायकली, गरजूंना द्यायच्या. हाताला ग्रीस लागलेला, कपाळावर घाम, असा तो घरी यायचा आणि चांगला जेवायचा. त्याचं वाईट चाललं होतं असं कुणीच म्हटलं नसतं. जगन्नाथकाका, शेजारचे रिटायर्ड डॉक्टर, तर म्हणाले, "प्रताप दहा वर्षांनी तरुण दिसायला लागला."

पण तो तिला काही दाखवत नसे. सायकलच्या चाकाच्या मधला सुंदर जुना हब मिळाला, तो तिला जगन्नाथकाकांकडून कळला. कागद वाचताना अक्षर लागलं नाही, तर तो भिंग घ्यायचा. मान्सूनवरचा लेख असो, इलाचा फोटो असो, पूर्वी सगळं तिच्या नाकापुढे यायचं. आता तो स्वतः बघायचा आणि बाजूला ठेवायचा. ती समोरच असायची.

दोन वर्षं झाली. नीलांबरीकडे आता ओहायोतून, इंडियानातून फोटो येतात. रीपंच की ओव्हरडेट, सबनीसबाईंना विचारा, असं क्लबात म्हणतात. ती उत्तर द्यायला आठवडा लावते. कुणी घाई केली की स्पष्ट लिहून कळवते, अजून बघून झालं नाही. मागच्या वर्षी तिने एका लेखाला नाव द्यायला नकार दिला. ग्लेनला वाटलं, हा तिचा विनय.

एकदा तिने प्रतापला विचारलं, "माझ्याबरोबर ये ना रविवारी. ग्लेन विचारत असतो."

"तू जा," तो म्हणाला. "तुला आवडतंय ना? जा."

खरंच आवडत होतं, आणि त्याचंच तिला अवघड वाटत होतं. त्याच्या ताटातलं उचलून आपण जेवतोय, असं काहीसं. आणि तो ताट परत मागतही नव्हता.

या जानेवारीत ड्राइव्हवेवर बर्फावरून तिचा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. प्लॅस्टर घालावं लागलं, ड्राइव्ह करणं बंद. तिने रविवारची सभा कॅन्सल करते म्हटलं, तर प्रताप म्हणाला, "मी सोडतो की. त्यात काय?"

त्याने तिला लायब्ररीच्या दारापर्यंत हाताला धरून नेलं, आत आला नाही. दोन तास जवळच्या कॉफीशॉपमध्ये बसला आणि वेळेवर गाडी घेऊन हजर झाला. तिचा सीटबेल्ट त्याला लावून द्यावा लागला. गाडी मोठ्या रस्त्याला लागली. मग त्याने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "काय होतं आज?"

ती सांगू लागली. १८१० चं एक नाणं, शून्याखाली नऊ असावा असं वाटतंय, पण कड फार झिजलीये. आधी तिने थोडक्यात सांगितलं, मग त्याने विचारलं की शून्याची आतली भिंत कशी आहे, सरळ की फुगलेली. तिने आठवून सांगितलं. त्याने पंच तिरका धरला तर पोलाद कुठल्या बाजूला उचललं जाईल ते एका हाताने हवेत दाखवलं आणि लगेच हात स्टीअरिंगवर ठेवला. घर येईपर्यंत त्याने आणखी काही विचारलं नाही.

फेब्रुवारीतही त्यानेच सोडलं आणि आणलं. त्या वेळीही वीस मिनिटं तो असंच काही ना काही विचारत होता. गाडीबाहेर पडलं की विषय संपायचा.

काल प्लॅस्टर निघालं. डॉक्टरांनी मनगट फिरवून बघितलं आणि म्हणाले, आता ड्राइव्ह करायला काही हरकत नाही. मार्चची सभा परवाच्या रविवारी आहे. प्रतापने सकाळीच विचारलं, किती वाजता निघायचं. एक वाजता, ती म्हणाली. डॉक्टर काय म्हणाले हे तिने त्याला अजून सांगितलेलं नाही.